हलगीखालची पाटी

माझ्यासारख्यानं कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसावं, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी काही लिहिलं गेलं असेल तर ते रजेचे अर्ज, आणि तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना लिहिणाऱ्यांबद्दल फारसा आदर नव्हता. "अक्षर चांगलं आहे, मजकूर भिकार," हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. ते आज असते तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं असतं आणि विचारलं असतं, "माफी मागतोस, मग लिहितोस कशाला?" 

गोष्ट नव्वदीतली. मी बनारसला विद्यापीठात बी.ए. करत होतो आणि वसतिगृहात राहत होतो. आमचं मूळ गाव बार्शीकडचं. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचे मजूर, म्हणून लागले आणि बदल्या होत होत गंगेपलीकडच्या मोगलसरायला पोचले, म्हणून मी बनारसला. बनारसच्या मराठी मंडळींचा गणपती बसे. त्याच्या कार्यक्रमाचा फलक मी रंगवला होता. तो वाचायला एक उंच, वाकलेले, मफलर गुंडाळलेले गृहस्थ थांबले. मफलर सप्टेंबरात. त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि वर दिलेलं वाक्य उच्चारलं. मग म्हणाले, "मजकूर माझ्याकडे आहे. अक्षर नाही. रविवारी दूधविनायकच्या गल्लीत ये. कुणालाही विचार, म्यूझियमवाले गुरुजी कुठे राहतात. जो नाक मुरडून पत्ता सांगेल, त्याचा पत्ता बरोबर."

पत्ता बरोबर निघाला.

ते तीस वर्षं मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते. ("एकही गायिका घडवली नाही. समाजावर माझे उपकार आहेत.") भाड्याच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणि एका गॅलरीत त्यांनी वाद्यांचं संग्रहालय मांडलं होतं. सतारी, सारंग्या, तबल्याच्या जोड्या, दोन दिलरुबा, एक जलतरंगाचा संच, ज्यातल्या तीन वाट्या त्यांच्या विधवा बहिणीनं, म्हणजे आक्कांनी, लोणच्यासाठी परत नेल्या होत्या. शहरात त्याची कीर्ती अशी, की गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याला ते संग्रहालय ठाऊक होतं आणि गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी असलेल्याला नव्हतं. येणारे लोक बहुतेक घाटाचा रस्ता चुकलेले असत.

आत यायला तिकीट नव्हतं, पण त्याहून महाग असा नियम होता. आधी सतरंजीवर बसायचं आणि गुरुजी आपला तानपुरा जुळवतील तो ऐकायचा. पंधरा मिनिटं, कधी वीस. खुंटी पिळायची, कान लावायचा, मणी सरकवायचा, पुन्हा खुंटी. जुळला की ते तानपुरा बाजूला ठेवत आणि उठत. लोक टाळ्या वाजवत. "टाळ्या नकोत," ते म्हणत, "हे गाणं नव्हतं. गाणं कसं असतं ते घरी जाऊन आठवा." संग्रहालयात तारा चढवलेलं वाद्य हे एवढं एकच. बाकी सगळ्यांच्या तारा उतरवलेल्या.

कारण दुसरा नियम. वादक मेल्याशिवाय वाद्य आत घ्यायचं नाही. तेराव्यानंतर घरचे लोक वाद्य घेऊन येत. गुरुजी ते मांडीवर घेत आणि सगळ्या तारा एकेक करून सैल करत. आक्का तोपर्यंत आलेल्यांना चहा देत. शेवटची तार सैल झाली की गुरुजी म्हणत, "झालं. आता याला कुणी त्रास देणार नाही." ते वाद्याबद्दल म्हणत की माणसाबद्दल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

या नियमामुळे गावातले म्हातारे वादक त्यांना टाळत. एकदा एक तबलजी आजारी पडले. गुरुजी संत्री घेऊन भेटायला गेले. मी बरोबर होतो. तबलजींनी डोळे उघडले, गुरुजींना पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते, "अभी नहीं दूँगा."

"मी कुठे मागितला?" गुरुजी म्हणाले. "प्रकृती विचारायला आलोय."

"प्रकृती ठीक है. डग्गा भी ठीक है. संतरे रख दीजिए."

 परतताना घाटाच्या पायऱ्यांवर गुरुजी म्हणाले, "बघ, लोकांना मी यमाचा मुनीम वाटतो. वास्तविक मला फक्त नीट बंद करता येतं. बाकी सगळ्यांना नुसतं सुरू करता येतं."

माझं काम पाट्या लिहिण्याचं. दर रविवारी ते सांगत, मी जाड निबनं पुठ्ठ्यावर उतरवत असे. मोबदला आक्कांच्या हातचा वरणभात. त्या पाट्यांमुळे किती घराण्यांशी त्यांचं बोलणं बंद झालं, ते मला माहीत आहे, कारण अक्षर माझं होतं आणि रस्त्यात शिव्या मला बसत. एका सतारीखाली त्यांनी लिहवलं : 'या सतारीवर उस्तादांनी जन्मभर रियाज केला असं त्यांचे चिरंजीव सांगतात. सतारीचे पडदे तसं सांगत नाहीत.' एका पेटीखाली : 'आत उंदरांचं बिऱ्हाड होतं. त्यांनी काळी चारची पट्टी सोडून सर्व खाल्लं. जाणकार असावेत.' लावलेली पाटी ते कधी बदलत नसत. चिरंजीव रडले तरी नाही, वकील घेऊन आले तरी नाही. "पाटी म्हणजे काय सरकार आहे, दर पाच वर्षांनी बदलायला?"

अभिप्रायाची वही होती. तिच्यातही ते समासात उत्तरं देत. पुण्याच्या कुणी बाईंनी लिहिलं होतं, 'अतिसुंदर'. शेजारी गुरुजींच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात : 'काय?'

आता जरा माझ्याविषयी लिहावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्याच रविवारी पानात वरण वाढताना आक्कांनी विचारलं होतं, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं, सोलापूरकडचा. "कुणातले?" मी म्हटलं, वडील रेल्वेत आहेत. हे काही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मी ते इतक्या घाईनं दिलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रेल्वेत म्हणजे हापिसात, असं त्यांनी धरलं आणि मी धरू दिलं. वरण चांगलं होतं.

रेल्वेत लागण्याआधी वडील गावात हलगी वाजवत. जत्रेत, लग्नात, मयतीत. आजोबा वाजवत, त्यांचे वडीलही. ती हलगी वडिलांनी मोगलसरायला आणली होती. क्वार्टरमध्ये एकदा वाजवली तेव्हा शेजारच्या गार्डबाबूंनी भिंतीवर काठी आपटली, तेव्हापासून ती ट्रंकेमागे पडून होती. मी सुट्टीत घरी गेलो की संग्रहालयाच्या गमती सांगे. वडील ऐकून घेत. एकदा म्हणाले, "आपली हलगी दे की तितं. हितं उंदरं खात्यात. तितं मान्सं बगतील."

"तिथं तसली वाद्यं नसतात," मी म्हटलं.

"तसली म्हंजी?"

मी हलगी घेऊन निघालो.

वाटेत, होडीत बसल्याबसल्या, मी गुरुजींना काय सांगायचं ते ठरवलं. मोगलसरायच्या भंगारवाल्याकडे सापडली. खोटं साधं असलं की टिकतं, असं मला तेव्हा वाटे.

गुरुजींनी ती उजेडात धरली. "हे काय, चाळण?"

"हलगी म्हणतात. आमच्याकडे गावाला असते."

"कोण वाजवायचं ही?"

"माहीत नाही."

"मेला ना पण? नियम आहे."

"असावा," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठा पुढे सरकवला. "लिही. हलगी. वादक अज्ञात."

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा बारीक आलं, एवढंच. वडील त्या वेळी पलीकडे मोगलसरायच्या यार्डात रुळांवर काम करत होते आणि त्यांची तब्येत उत्तम होती.

गुरुजींनी हलगी मागच्या खोलीत, गंगेकडच्या भिंतीला टांगली. ती भिंत बारा महिने ओलसर. शिवाय सगळ्या लाकडी वाद्यांना ते महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवत. हलगीचं कातडं कोरडं दिसलं, म्हणून त्यांनी त्यालाही प्रेमानं तेल चोळलं. हलगीला तेल म्हणजे विष, आणि ओल म्हणजे मरण. हे आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. मी पेन हातात धरून बघत राहिलो. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? भंगारवाल्यानं हे सांगितलं असतं असं वाटत नाही.

घरी गेलो की वडील विचारत, "लावली का?"

"लावली."

"काय लिवलंय खाली?"

"तुमचं नाव."

"कदी दाखवतूस?"

मी परीक्षा सांगे. मग गुरुजी आजारी असल्याचं सांगे. मग पुन्हा परीक्षा. वर्षातून इतक्या परीक्षा कुठल्याच विद्यापीठात होत नसतील. शेवटी माघात एका रविवारी सकाळी वडील वसतिगृहाच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, रेल्वेचा काळा कोट, डोक्याला तेल. "चल," म्हणाले.

दूधविनायकच्या बोळातून ते माझ्या मागून चालत होते. घराशी आल्यावर त्यांनी चपला उंबऱ्यापासून पाच हात लांब, गटाराच्या कडेला काढल्या. गुरुजी वरून गॅलरीतून बघत होते.

"चपला आत आणा," ते ओरडले. "तिथे माकडं नेतात. इथली माकडं जात बघत नाहीत, माप बघतात."

मी गुरुजींना सांगितलं, हे माझे वडील. त्यांनी कोट पाहिला, हात पाहिले. यार्डातले हात लपत नाहीत. "बसा," म्हणाले आणि तानपुरा घेतला.

वीस मिनिटं झाली. वडील मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होते. तानपुरा जुळला. गुरुजींनी तो बाजूला ठेवला. वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते थांबले. बराच वेळ थांबले. मग विचारलं, "आता म्हननार का?"

"नाही. एवढंच असतं."

"मग जुळवला कशाला?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.  इतक्या वर्षांत कुणी गुरुजींना हे विचारलं नसावं. स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाल्या, "दादा, उत्तर द्या." ते किल्ल्यांचा जुडगा उचलून मागच्या खोलीकडे चालू लागले.

हलगी दिसली तसे वडील थबकले. मग पुढे गेले. खाली पुठ्ठ्यावर माझं बारीक अक्षर.

"वाच," ते म्हणाले.

गुरुजी माझ्या मागे उभे होते. त्यांच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबलेल्या मला ऐकू आल्या.

मी पाटीकडे बघत वाचलं, "हलगी. वादक किसन रामा, मोगलसराय."

"बरं," वडील म्हणाले.

मी मागे पाहिलं नाही. आता गुरुजी काहीतरी बोलणार. उस्तादाच्या चिरंजीवांना न सोडणारा माणूस मला का सोडेल? मनातल्या मनात मी त्यांचं वाक्यही तयार केलं होतं. ते बोलले नाहीत.

वडिलांनी कातड्यावर बोट फिरवलं, ते हुंगलं. "त्येल कुनी लावलं?"

"मी," गुरुजी म्हणाले.

"मारलीत की हिला."

"उपाय?"

"राख हाय का? आन् शेगडी?"

संग्रहालयाच्या इतिहासात प्रथमच गुरुजींना कुणी काम सांगितलं, आणि ते गेले. आक्कांची कोळशाची शेगडी त्यांनी स्वतः गच्चीवर नेली. वडिलांनी राखेनं तेल टिपून काढलं, तीनतीनदा. मग हलगी जाळावर धरून फिरवत राहिले, मधूनच बोटानं टिचकी मारून कानाशी नेत. गुरुजी शेजारी उकिडवे बसून बघत होते. तानपुरा जुळवताना लोकांनी जसं बघावं असं त्यांना वाटे, तसं.

"ही पण जुळवावी लागते तर," ते म्हणाले.

"तापल्याबिगर बोलत न्हाय. पन आमी तापवली की वाजवतो."

आणि त्यांनी वाजवली. आक्कांच्या जळणातल्या दोन काड्या घेऊन वाजवली. पहिल्या ठोक्याला समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, दुसऱ्याला शेजारचे शास्त्रीबुवा बाहेर आले. "क्या हो रहा है? कोई गया क्या?"

"कोई नहीं गया," गुरुजी ओरडले. "यही तो बात है. शिकायत लिखित में दीजिए."

वडील किती वेळ वाजवत होते ते मला सांगता येणार नाही. मी बघत नव्हतो. मी आक्कांकडे बघत होतो. त्या पायरीवर ताट घेऊन उभ्या होत्या, आणि आता त्यांना सगळी उत्तरं मिळाली होती, कुठले आणि कुणातले. वाजवणं थांबल्यावर त्यांनी ताट वडिलांपुढे ठेवलं. म्हणाल्या, "हात धुऊन घ्या, राख लागलीय." त्या दिवशी वरणाबरोबर शिराही होता, आणि तो काही आमच्यासाठी केलेला नव्हता, कालच्या संकष्टीचा प्रसाद होता असं त्या दोनदा म्हणाल्या.

निघताना गुरुजी वडिलांना म्हणाले, "नियमाप्रमाणे ही इथे ठेवता येत नाही. घेऊन जा."

"ऱ्हाऊ द्या. तुमी तापवत जावा मधनं मधनं."

वडील जिना उतरले. मी मागून निघालो तेव्हा गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणून म्हणाले, "तुझं वाचन छान आहे रे. अक्षरापेक्षाही."

एवढंच. मी पुन्हा तिथे गेलो नाही. पुढचा रविवार आला, तेव्हा मी आजारी होतो. त्याच्या पुढच्या रविवारी खरंच परीक्षा होती. एकदा घाटावर लांबून मफलर दिसला तेव्हा मी दुसऱ्या बोळात वळलो आणि एका गोठ्यात जाऊन थांबलो. गायीनं माझ्याकडे गुरुजींच्याच नजरेनं पाहिलं. पदवी मिळाली, नागपूरला बँकेत लागलो, वडील निवृत्त होऊन माझ्याकडे आले. गुरुजींनी ती पाटी तशीच ठेवली असणार, हे मी धरून चाललो होतो. ते पाट्या बदलत नसत. आणि या पाटीच्या बाबतीत त्यांनी तसं करणं मला न्यायाचंही वाटे.

मागच्या महिन्यात संध्याकाळी घरी आलो तर वडील एक जाड पाकीट घेऊन बसले होते. मोगलसरायच्या पत्त्यावर गेलेलं, तिथून पेन्शनच्या कचेरीत, तिथून बार्शीला, तिथून इथे. चार ठिकाणचे शिक्के. नाव वडिलांचं होतं.

"कुनाचं हाय बग. वाच."

आक्कांचं होतं. मी वाचू लागलो. 'दादा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या तानपुऱ्याच्या तारा नियमाप्रमाणे मीच उतरवल्या. मला जमत नव्हतं, एक तुटली. सगळी वाद्यं एका सरकारी संग्रहालयानं नेली. फक्त तुमची हलगी नेली नाही, कारण पाटीवर वादक हयात असं आहे, आणि हयात माणसाची वस्तू त्याच्या लेखी संमतीवाचून घेता येत नाही असं साहेब म्हणतात. सोबत संमतीचा कागद आणि ती पाटी जोडली आहे. आपण अजून हयात असाल तर सही करावी. शेगडीवर मधूनमधून तापवत होतो. दादा जमेल तशी वाजवतही असत. शास्त्रीबुवांनी तक्रार लेखी दिली होती.'

पाकिटात पुठ्ठा होता. कोंबडीच्या पायाचं अक्षर. खाली तारीख होती, ती त्याच रविवारची, ज्या दिवशी आम्ही जिना उतरलो.

मी तो आधी मनात वाचला.

"वाच की," वडील म्हणाले.

मी आहे तसं वाचलं. "हलगी. वादक किसन रामा, मोगलसराय. हयात. तेल लावू नये. वाजवण्याआधी जाळावर तापवावी. आधीच्या पाटीत वादक अज्ञात असं लिहिलं होतं. ती लेखनिकाची चूक. लेखनिक शिकाऊ होता, मोठा झाल्यावर सुधारेल."

 मग मीच म्हटलं, "अण्णा, तेव्हा मी..."

"ठावं हाय," ते म्हणाले. "पगाराच्या कागदावर अंगठा नको म्हनून तूच मला सही शिकवलीस, तुज्याच पाटीवर. बाकी काय वाचता येत न्हाय, पन माजं नाव कसं दिसतं त्ये मला म्हायती हाय. त्या दिशी तितं नव्हतं त्ये."

त्यांनी पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्या भयंकर अक्षरावरून बोट फिरवत नेलं. एका जागी बोट थांबलं.

"ह्ये बग," ते म्हणाले. "आता हाय." मग संमतीच्या कागदासाठी पेन मागितला.